तीन बालशाळा आणि पन्नास गुणांचा तक्ता: एका गावाचा प्रकरण अभ्यास

(गाव, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. या काळात मी तालुक्याकडून साधनव्यक्ती म्हणून काही बैठकांना आणि पाहण्यांना हजर होते. बाकीचं अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका, शाळांचे केंद्रप्रमुख आणि अंगणवाडी सेविकांशी बोलून लिहिलं आहे.)

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं मध्यम आकाराचं गाव. गावापासून दीड किलोमीटरवर, ओढ्यापलीकडे बंजारा तांडा. तांड्यावरची बहुतेक कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. गावठाणातही मुकादमाकडून उचल (ऊसतोडीच्या मजुरीची आगाऊ रक्कम) घेणारी घरं आहेत, पण कमी.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी या गावात सरकारी म्हणाव्या अशा तीन जागा होत्या.

पहिली, जिल्हा परिषद शाळेच्या आवारातली अंगणवाडी. स्वतःची इमारत, फरशी, नळ, भिंतींवर रंगवलेली बाराखडी आणि फळं. सेविका पदवीधर, बारा-तेरा वर्षं याच गावात. दुसरी, तांड्यावरची अंगणवाडी. समाजमंदिराच्या एका खोलीत भरणारी. शौचालय बंद, पाणी घागरीने आणायचं. सेविका तालुक्याच्या गावाहून येणारी, मदतनीस तांड्यावरचीच. तिसरा, शाळेचा बालवर्ग. हा कागदोपत्री नव्हता. शाळा व्यवस्थापन समितीने लोकवर्गणीतून सुरू केलेला, ज्युनिअर-सीनिअर केजी एकत्र. शिकवणारी गावातलीच डी.एड. झालेली मुलगी, मानधन वर्गणी जमेल तसं.

मराठवाड्यात असा बालवर्ग नवलाचा नाही. पहिलीला प्रवेश घेताना ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. पाचव्या वर्षी मूल घरी बसवायचं तर आईबापांचा जीव वर-खाली होतो. तेवढ्यात चौकात इंग्रजी नर्सरीची व्हॅन येऊन उभी राहते. व्हॅनमध्ये गेलेलं मूल पुढे पहिलीला परत येत नाही, हे मुख्याध्यापकांना ठाऊक असतं. पट टिकवायचा तर बालवर्ग हवा, असा त्यांचा सरळ हिशेब.

यातल्या दोन जागा महिला व बालविकास खात्याच्या आणि तिसरी शिक्षण खात्याच्या छपराखाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर मानला, पण गावपातळीवर पर्यवेक्षिका एका खात्याची, केंद्रप्रमुख दुसऱ्या खात्याचे. दोघांच्या बैठका वेगळ्या, अहवाल वेगळे, अॅप वेगळी. एकाच आवारात पंचवीस पावलांवर असलेली अंगणवाडी आणि शाळा यांचं मुलांबद्दल बोलणं वर्षातून एकदाच व्हायचं, ‘पहिले पाऊल’च्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात.

पन्नास गुणांचा तक्ता

सुरुवात पैशावरून झाली. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. त्या वर्षीची रक्कम मोठी नव्हती, एखादं काम नीट होईल एवढीच. सरपंचताईंचं म्हणणं रास्त होतं: “मॅडम, तिन्हीकडे थोडं थोडं वाटलं तर कुठंच काही दिसत नाही. कुठली चांगली चाललीय ते सांगा, तिथं देऊ. म्हणजे बाकीच्यांनाही जरा हुरूप येईल.”

पर्यवेक्षिका आणि केंद्रप्रमुख यांनी मिळून एक तक्ता केला. इमारत १० गुण, साहित्य १०, उपस्थिती १०, स्वच्छता व शौचालय ५, बोलक्या भिंती (अक्षरं-चित्रं रंगवलेल्या) ५, नोंदवह्या ५, सेविकेचं किंवा शिक्षिकेचं शिक्षण ५. एकूण ५०. जानेवारीत एकाच दिवशी तिन्ही जागा पाहिल्या. शाळेजवळच्या अंगणवाडीला ४३, बालवर्गाला ३८ आणि तांड्याला २४ गुण पडले.

तक्ता वाईट हेतूने केलेला नव्हता. कार्यालयात बसून कुणीही केला असता, तर असाच झाला असता. पण त्यात मूल काय करतं याची एकही ओळ नाही. पन्नासपैकी निम्म्याच्या आसपास गुण बांधकाम आणि रंगरंगोटीचे, म्हणजे आधी ज्याला निधी मिळाला त्याला आता गुण. उपस्थितीचं तर बोलायलाच नको. जानेवारीत तांड्याची निम्म्याहून जास्त मुलं पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडावर, आईबापांच्या कोपीत होती. त्या दिवशी खोलीत सात मुलं होती आणि तीच त्या अंगणवाडीची ‘उपस्थिती’ झाली. शाळेतल्या मोठ्या भावंडांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. सहा वर्षांखालच्या मुलाला आईसोबत जाण्यावाचून गत्यंतर नाही.

गुण व्हॉट्सअॅपच्या ग्रामपंचायत गटावर गेले. संध्याकाळपर्यंत गावात ‘पहिला नंबर कुणाचा’ सुरू झालं. तांड्याची सेविका दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षिकेकडे जाऊन रडली. तांड्यावरच्या मदतनीसबाई रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “आमच्याकडं नळ नाही, त्याचे गुण आमचे का कापले?”

समोर आलेले पर्याय

फेब्रुवारीच्या बैठकीत चार सूचना मांडल्या गेल्या.

सरपंचताईंची मूळ सूचना होती की निधी पहिल्या नंबरला द्यावा. अंगणवाडीला कमान, दारात पेव्हर ब्लॉक, ‘आदर्श अंगणवाडी’चा फलक. दिसणारं काम, फोटो निघणारं.

दुसरी सूचना एका सदस्याची. तांड्याची खोली बंद करून मुलं शाळेजवळ आणावीत, ‘एवढ्या थोड्या मुलांसाठी दोन दोन कशाला’. कागदावर ही सूचना शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात मधे ओढा आहे, पावसाळ्यात दोन-तीनदा तरी वाट बंद होते. तीन वर्षांचं मूल दीड किलोमीटर चालत जात नाही आणि कामावर जाणारी आई त्याला सोडायला-आणायला दोन फेऱ्या मारत नाही. या मातीत बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला हेच दिसलं होतं: मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती, तेव्हा बालवाडीच त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात नेली गेली. पाऊण शतक उलटून गेलं तरी तोच धडा बैठकीत पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागतो.

तिसरी सूचना मुख्याध्यापकांची. चार वर्षांवरची सगळी मुलं बालवर्गात घ्यावीत, अंगणवाडीने तीन वर्षांची आणि त्याखालची पाहावीत. यात मुलांना शिकवणारी व्यक्ती मिळत होती, पण जेवण सुटत होतं. अंगणवाडीतल्या तीन ते सहा वयाच्या मुलाला रोजच्या आहारातून किती उष्मांक आणि प्रथिनं मिळावीत याचं प्रमाण ठरलेलं आहे. बालवर्गाची नोंदच नसल्यामुळे शाळेच्या पोषण आहारात या मुलांचा हिशेब धरला जात नव्हता.

चौथी सूचना पर्यवेक्षिकेची: गुण बाजूला ठेवा, मला तिन्ही ठिकाणी पूर्ण सकाळ बसू द्या, मग ठरवू. सरपंचताई फारशा खूश नव्हत्या. मार्चअखेर निधी खर्ची पडला पाहिजे, ही त्यांची अडचण खरी होती. केंद्रप्रमुखांनी मध्यम मार्ग काढला: पाहणी दोन आठवड्यांत उरकायची, तोवर ठराव थांबवायचा.

मला विचाराल तर या प्रकरणातला पहिला खरा निर्णय हाच. तक्ता सुधारायचा की तक्ता थांबवायचा, यात त्यांनी थांबवायचं ठरवलं. गुणांच्या रकान्यांत आणखी दोन रकाने वाढवून वेळ मारून नेता आली असती.

पाहणीत काय दिसलं

पाहणीचा नियम साधा होता. खुर्ची घ्यायची नाही, मुलांबरोबर खाली बसायचं. नोंदवही मागायची नाही. मुलं आल्यापासून जेवून हात धुईपर्यंत थांबायचं. आणि एका वेळी एकाच मुलावर लक्ष ठेवून ते काय करतं, कुणाशी बोलतं, किती वेळ नुसतं बसून असतं, ते लिहायचं.

शाळेजवळच्या अंगणवाडीत प्रार्थना, हजेरी, बडबडगीत आणि मग पाठांतर. ‘क कमळाचा’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी मुलं एका सुरात. पाच वर्षांच्या एका मुलाने वहीत १ ते १०० आकडे सुबक काढले होते. त्याच्या आईने ती वही आधी घरी सगळ्यांना दाखवली होती. पर्यवेक्षिकेने त्याला जेवणाच्या वेळी सहज म्हटलं, “बाळा, टोपलीतून सात चमचे आण रे.” त्याने मूठभर चमचे आणले आणि तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. मोजायला सांगितल्यावर एक, दोन, तीन म्हणत गेला, पण बोट एका चमच्यावर आणि तोंड तीन आकडे पुढे.

याच अंगणवाडीच्या कपाटात खेळण्यांचा पूर्ण संच होता. ठोकळे, मणी-दोरा, चित्रांचे तुकडे जुळवायचे खेळ. सगळ्यांवर अजून प्लॅस्टिकचं वेष्टन. सेविका आळशी म्हणून नव्हे. मागच्या एका तपासणीत साहित्य कमी भरलं म्हणून तिला लेखी खुलासा द्यावा लागला होता. जडवस्तू नोंदवहीत २४ ठोकळे लिहिलेत, तर तपासणीला २४ दिसले पाहिजेत. मुलांच्या हातात दिलेले ठोकळे २४ राहत नाहीत. मग कपाट बंद ठेवणं हाच सर्वांत सुरक्षित मार्ग. पहिल्या तक्त्यात ‘साहित्य’ या रकान्यात तिला १० पैकी १० पडले होते, ते या बंद कपाटाचे.

पण याच सेविकेचं वजन-उंचीचं काम पाहण्यासारखं. काटा शून्यावर आणून, मुलाच्या चपला काढून, दोनदा मोजून मगच आकडा पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अॅपवर. एका मुलीचं वजन सलग दोन महिने वाढत नाही हे तिने हेरलं आणि आरोग्य उपकेंद्रापर्यंत पाठपुरावा केला. हात धुणं, पाण्याची घागर झाकणं, जेवणाच्या ओळी, सगळं चोख. बालशाळा फक्त शिकवण्यावर तोलायची म्हटलं तर हे सगळं निसटून जातं.

तांड्यावर चित्र उलटं होतं, पण सरळसोट उलटं नाही. सेविका पाहणीच्या दोन दिवसांत एकदा पाऊण तास उशिरा आली. एसटी चुकली होती आणि ती चुकण्याची सवय होती. वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवत होता. गोष्टीचं एकही पुस्तक नाही. शौचालयाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नाही.

आणि तरीही त्या खोलीत सर्वांत जास्त बोलणं चालू होतं. मदतनीसबाईंनी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, चिंचोके आणि सोड्याच्या बाटल्यांची झाकणं जमवली होती. चार वर्षांची एक मुलगी ट्रेच्या एकेका खळग्यात एकेक झाकण ठेवत चालली होती. शेवटी दोन खळगे मोकळे राहिले. ती थांबली, परत पहिल्यापासून बोट लावून गेली. बाईंनी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, काहीतरी विचारलं. मुलगी उठली, दाराजवळच्या डब्यातून बरोबर दोन झाकणं घेऊन आली. या मुलीला ‘दोन’ हा आकडा लिहिता येत नाही. पण दोन म्हणजे किती हे तिच्या हाताला कळलं आहे.

मदतनीसबाई सातवी शिकलेल्या. मुलांशी आधी गोरमाटीत बोलायच्या, मग तेच मराठीत. २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षणाच्या राष्ट्रीय धोरणात सुरुवात मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी असं म्हटलंय. बाईंना ते धोरण माहीत असण्याचं कारण नाही. सेविका आली की मात्र बाई उठून स्वयंपाकाकडे जायच्या आणि खोलीत मराठी पाठांतर सुरू व्हायचं. मुलं गप्प व्हायची. तक्त्यात मदतनीस या व्यक्तीसाठी रकानाच नव्हता.

बालवर्गाबद्दल थोडक्यात. शिक्षिका तरुण, गोष्ट सांगण्यात पटाईत. कोल्ह्याचा आवाज ती असा काढते की शेजारच्या वर्गातली तिसरीची मुलं खिडकीशी येतात. पण गोष्टीला वेळ पंधरा मिनिटं, उरलेला वेळ ए फॉर अॅपल आणि वर्कबुक, कारण वर्गणी देणाऱ्या पालकांना संध्याकाळी दप्तरात काहीतरी ‘लिहिलेलं’ दिसायला हवं. जेवणाच्या वेळी यातली काही मुलं पंचवीस पावलं चालत अंगणवाडीत जाऊन बसत होती. पर्यवेक्षिकेच्या डोक्यात तिथून पुढचा प्रश्न उभा राहिला.

मुलांची यादी

अंगणवाडीत जेवणारी ही मुलं पटावर कुठे आहेत? तिने आणि केंद्रप्रमुखांनी तिन्हीकडच्या हजेऱ्या एकत्र मांडल्या, जागेनुसार नाही तर मुलाच्या नावानुसार.

शाळेजवळच्या अंगणवाडीचा पट ३८. तांड्याचा २४. बालवर्गाचा २२. बेरीज ८४. पण बालवर्गातली १४ मुलं शाळेजवळच्या अंगणवाडीच्या पटावरही होती आणि ३ तांड्याच्या पटावर. म्हणजे खरी मुलं ६७. त्यातली ५ व्हॅनने इंग्रजी नर्सरीत जात होती, नाव मात्र अंगणवाडीत. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबांची ४ मुलं होती, ती कुठल्याच पटावर नव्हती. अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षणात त्यांना ‘तात्पुरते’ म्हणून सोडलं होतं.

हा कागद पाहिल्यावर गुणांची स्पर्धा पोकळ ठरली. तीन शाळा तीन वेगळ्या मुलांच्या गटांना शिकवत आहेत आणि त्यातली कुणाची सरस, असं काही नव्हतंच. बहुतेक मुलं तीच, फक्त एकीकडे खाऊन दुसरीकडे बसणारी, किंवा वर्षातले काही महिने इथे आणि काही महिने फडावर असणारी. ३८ पटाच्या अंगणवाडीत प्रत्यक्ष बसणारी मुलं १९ होती. एका प्रौढामागे वीस मुलं हे प्रमाण तिथे बसतं; पट धरला तर नाही. कुठला आकडा धरायचा यावर ‘चांगली’ आणि ‘वाईट’ अदलाबदल करत होत्या.

दुसरा कठीण निर्णय इथे होता: ही दुहेरी नोंद वर कळवायची का? कळवली तर अंगणवाडीचा पट घसरणार, मुलांचा आहार कमी होणार, सेविकेवर ठपका येणार. न कळवली तर खोटं चालू राहणार. पर्यवेक्षिकेने तिच्या वरच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना तोंडी सगळं सांगितलं आणि लेखी टिपणात बालवर्गाची मुलं ‘अंगणवाडीची लाभार्थी, शाळेच्या आवारात पूर्वशालेय शिक्षण घेणारी’ अशी मांडली. व्हॅनने जाणाऱ्या पाच मुलांची नावं मात्र पालकांशी बोलून आहारातून कमी केली. वाक्यरचना सोयीची आहे, मान्य. पण खोटी नाही, आणि मुलांचं जेवण वाचलं.

काय केलं

पहिलं काम कपाटाचं. पर्यवेक्षिकेने शाळेजवळच्या अंगणवाडीच्या भेट नोंदवहीत स्वतःच्या सहीने शेरा लिहिला: खेळसाहित्य रोज मुलांच्या हातात द्यावं, वापराने मोडलेल्या-हरवलेल्या वस्तूंचं तिमाही निर्लेखन (नोंदवहीतून वजा करणं) प्रस्तावित करावं, सेविकेकडून वसुली किंवा खुलासा घेऊ नये. दोन ओळींचा शेरा. सेविकेने तो तीनदा वाचला आणि त्याच दिवशी वेष्टनं फाडली. त्याआधी तिची ‘आकार’ अभ्यासक्रमाची प्रशिक्षणं झाली होती, त्यानंतर ‘आधारशिला’चीही. खेळातून शिकवायचं असतं हे तिला पूर्वीपासून माहीत होतं. ती अडली होती ठोकळे हरवण्याच्या धास्तीवर.

निधीचा प्रश्न ग्रामपंचायतीत तासभर रंगला. कमानीच्या बाजूने बोलणारे जास्त होते. शेवटी तांड्यावरच्या एका आजीने, जी बैठकीला नातवाला कडेवर घेऊन आली होती, सगळ्यांसमोर विचारलं की पाणी नसलेल्या घरी तुम्ही पाहुणा पाठवाल का. ठराव तांड्याच्या बाजूने झाला: पाण्याची टाकी, मोटार, शौचालयाची दुरुस्ती, दारापुढे पत्र्याची सावली. शाळेजवळच्या अंगणवाडीला काही मिळालं नाही. त्या सेविकेला ते लागलं. पहिला नंबर येऊन हाती काहीच नाही, हे तिला कुणी नीट समजावलं नव्हतं.

दोघी सेविकांनी एकमेकींकडे पूर्ण सकाळ बसायचं ठरलं. गावची सेविका तांड्यावरून अंड्यांचे ट्रे मागून घेऊन आली. तांड्याच्या सेविकेने वजनकाटा शून्यावर आणण्याची रीत शिकून घेतली आणि नादुरुस्त काट्याची तक्रार लेखी दिली. मदतनीसबाईंची सकाळची पहिली वेळ मुलांसोबतच राहील, स्वयंपाकाचं सामान बचत गटाची बाई लावून देईल, असं ठरलं. ही मांडणी नियमांत बसते का यावर कुणी फार खोलात गेलं नाही.

बालवर्ग आणि अंगणवाडी यांचं वेळापत्रक जुळवलं. अकराला बालवर्ग सुटायचा, मुलं रांगेने अंगणवाडीत, गोष्टीची पंधरा मिनिटं तिथे सगळ्यांना एकत्र. वर्कबुक कमी करायचं मात्र शिक्षिकेला जमलं नाही. पालक सभेत तिने विषय काढला तेव्हा एका वडिलांनी सरळ विचारलं, “मग व्हॅनवाल्यात आणि तुमच्यात फरक काय, ताई? तिथं निदान लिहून तरी घेतात.” तिच्याकडे उत्तर होतं, पण तिचा पगार त्याच वर्गणीतून यायचा.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी दिवाळीआधी एक पिशवी तयार केली: पाटी-खडू, चिंचोके, दोन चित्रांची कार्डं, ‘पहिले पाऊल’मधली मातांसाठीची आयडिया कार्डं आणि वाढीच्या नोंदीची प्रत. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून दिली, म्हणजे कारखान्याकडच्या अंगणवाडीत आहार मागता यावा.

वर्षभरानंतर

टाकी आली, शौचालय सुरू झालं. तांड्यावरच्या मुलांची सप्टेंबरातली उपस्थिती शाळेजवळच्या अंगणवाडीएवढीच भरली. जानेवारीत पुन्हा खोली रिकामी झाली, ती तशी होणारच होती.

पिशव्यांचं फारसं काही झालं नाही. परतल्यावर विचारलं तेव्हा बहुतेक पाट्या फुटलेल्या, कार्डं चुलीजवळ भिजलेली. पहाटे तीनला फडावर जाणारी आई रात्री कार्ड घेऊन बसत नाही, हे आधीच कळायला हवं होतं. मात्र ज्या दोन मुलांना आजीकडे तांड्यावर ठेवलं गेलं होतं ती अंगणवाडीत रोज आली. फडावरून परतलेल्या मुलांची वजनं घटलेली दिसली. काटा आता बरोबर होता, त्यामुळे घट खरी होती.

बालवर्ग डिसेंबरात बंद पडला. वर्गणी थकली, शिक्षिकेला तीन महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत, तिने तालुक्याच्या एका खासगी शाळेत नोकरी धरली. तिथली मुलं अंगणवाडीत परतली आणि सेविकेसमोर एकदम चाळीसच्या जवळपास मुलं आली. कपाट अर्धं रिकामं झालं होतं, ठोकळे कमी पडले. त्या तिमाहीचा निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर झाला, पण बदली साहित्य अजून आलेलं नाही. तीन मुलं व्हॅनमध्ये गेली.

जूनच्या मेळाव्यात पहिलीच्या बाईंना जाणवलेलं असं: यंदाच्या मुलांना आकारानुसार लावणं, मोजून देणं, गोष्टीत पुढे काय होईल ते सांगणं आधीपेक्षा सहज जमतंय, पेन्सिल धरणं मात्र कच्चं आहे. दोन पालकांनी त्याबद्दल तक्रारही केली. हे एका शिक्षिकेचं एका वर्षाचं निरीक्षण आहे. यापेक्षा जास्त त्यातून काढू नये.

वेगळं काय करता आलं असतं

गुण द्यायची पाहणी जानेवारीत करायला नको होती. ऊसतोडीच्या गावात आषाढ-श्रावणात एकदा आणि परतल्यावर चैत्र-वैशाखात एकदा पाहिल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. गुण गटावर टाकायच्या आधी तिन्हीकडच्या बायांना दाखवले असते, तर नळाचा प्रश्न तिथेच निघाला असता आणि रडारड टळली असती.

मुलांच्या नावांची यादी सर्वांत आधी व्हायला हवी होती, सर्वांत शेवटी नव्हे. ती करायला तीन हजेऱ्या, एक वही आणि एक दुपार लागली. त्याआधीची सगळी चर्चा ८४ मुलांची चालली होती, जी गावात नव्हतीच.

बालवर्गाच्या मानधनाचा विषय कुणी काढला नाही, कारण तो दोन्ही खात्यांपैकी कुणाचाच नव्हता. वर्ग वर्षअखेरपर्यंत चालेल हे सगळ्यांनी गृहीत धरून वेळापत्रक बांधलं. लोकवर्गणीवर उभ्या असलेल्या गोष्टीला सरकारी व्यवस्थेचा अर्धा भार द्यायचा असेल, तर निदान वर्षाचं मानधन आधी बँकेत जमा असायला हवं, ही अट घालता आली असती. चार-पाच हजारांसाठी गावातली सर्वांत चांगली गोष्ट सांगणारी मुलगी हातची गेली.

कपाट उघडण्याच्या शेऱ्याबद्दल मला एक शंका आहे. पर्यवेक्षिका बदलली तर पुढची बाई तो मानेल का? तोंडी आश्वासनापेक्षा सही बरी, पण प्रकल्प कार्यालयाचं परिपत्रक असतं तर आणखी बरं. तसा प्रस्ताव गेला आहे.

वीटभट्टीच्या चार मुलांपैकी दोघांची नावं अंगणवाडीत लागली. बाकीच्या दोघांचं कुटुंब नाव लागायच्या आधीच पुढच्या भट्टीवर गेलं.

मासिक अहवालाचा नमुना आजही केंद्रनिहाय आहे, त्यामुळे वर आकडे जुन्या पद्धतीनेच जातात. मुलांच्या नावांची वही पर्यवेक्षिका आणि केंद्रप्रमुख वेगळी ठेवतात आणि दर महिन्याला शाळेच्या ओट्यावर बसून जुळवतात. यंदा दसऱ्याआधी तांड्यावर पालक बैठक लावली आहे. विषय दोन: कुणाकुणाची मुलं आजी-आजोबांकडे राहणार आणि त्यांच्या रात्रीच्या जेवणाचं काय, आणि टाकीची मोटार कोण चालू-बंद करणार.